माउंटखालच्या ओळी

बाई गेल्यावर त्यांच्या जुन्या शाळेत शोकसभा झाली. पहिले वक्ते म्हणाले, बाई अत्यंत शांत होत्या. दुसरे म्हणाले, त्यांनी आयुष्यात कोणाला दुखवलं नाही. तिसऱ्यांनी 'निसर्गाची हळवी चित्रकर्ती' असं सुरू केलं तेव्हा मी मागच्या बाकावरून उठलो, बाहेर येऊन चपला घातल्या आणि सरळ दुकानात आलो.

हळवी! ज्या बाईने जेसीबीच्या पुढ्यात स्टूल टाकून ड्रायव्हरला सांगितलं की दहा मिनिटं थांब, माझी सावली रंगवून होऊ दे, ती हळवी? ज्या बाईने मला माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत 'गाढवा' म्हटलं, एकदा नाही, बहुधा शंभरदा, ती शांत? मी त्यांना वीस वर्षं ओळखत होतो. वीस वर्षं त्या संतापलेल्या होत्या आणि त्यांचा संताप कधी शिळा झाला नाही. आता गेल्यावर लोक त्यांना धुऊन, इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवताहेत. मला ते बघवत नाही, म्हणून हे लिहितो आहे. आणि दुसरंही एक कारण आहे, ते ओघाने येईल.

धुळ्यात चौथ्या गल्लीत माझं फ्रेमचं दुकान आहे. अब्बांनी सुरू केलेलं. देवांच्या तसबिरी, काबा-मदिन्याचे फोटो, लग्नाची जोडपी, शाळांची प्रशस्तिपत्रकं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. हाताने काढलेलं चित्र आमच्याकडे वर्षातून एखादं यायचं. बाई पहिल्यांदा आल्या त्या चित्र घेऊन नाही, तक्रार घेऊन. मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. शाळेच्या शिपायाने त्यांचं एक चित्र माझ्याकडून फ्रेम करून नेलं होतं. ती फ्रेम त्यांनी काउंटरवर आपटली.

"हे तू केलंस?"

मी म्हटलं, "हो. का?"

"बघ."

मी बघितलं. ठीकच होतं.

"नाही बघितलंस. परत बघ."

हे वाक्य मी नंतर हजारदा ऐकलं. परत बघितलं तेव्हा दिसलं की कागद काचेला चिकटलाय आणि चित्रातल्या नदीवर हिरवट बुरशी चढली आहे. मी काच थेट चित्रावर ठेवली होती. फोटोला ठेवतो तशी.

"पावसाळ्यात कागदालाही घाम येतो, गाढवा. मध्ये जागा सोडायची असते. माउंट म्हणतात त्याला. माउंट माहीत आहे का, माउंट?"

मला नव्हतं माहीत. बाईंनी पर्समधून जाड पुठ्ठा काढला, आत खिडकी कशी कापायची, कटर तिरका कसा धरायचा, ते दाखवलं आणि माझ्याकडून तीनदा कापून घेतलं. दोन पुठ्ठे वाया गेले. तिसरा जमला तेव्हा शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाल्या, "आता कर फ्रेम." आणि गेल्या. धुळ्यात माउंट कापणारा पहिला माणूस मी झालो तो असा.

दिसायला बाई कशा होत्या ते सांगतो. साडीवर पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट, निंदणीला जाणाऱ्या बायका उन्हासाठी घालतात तसा. लुनाच्या पुढे घडीचं स्टूल बांधलेलं, मागे प्लायवुडची पाटी. खांद्याला पाण्याची रिकामी बाटली. रिकामी अशासाठी, की ज्या जागेचं चित्र काढायचं तिथलंच पाणी त्या रंगाला वापरायच्या. नदी असली तर नदीचं, विहीर असली तर विहिरीचं. धुळ्यातल्या पांझरेचं चित्र काढलं तेव्हाही त्यांनी तेच केलं, आणि पांझरेच्या पाण्याचं आता काय झालंय ते धुळेकरांना सांगायला नको. ते चित्र माझ्याकडे दोन दिवस होतं आणि दुकानात वास येत होता. एका गिऱ्हाइकाने नाकाला रुमाल लावला. मी बाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला.

"येतोय ना वास? येऊ दे. तेवढाच रंगवता येत नव्हता."

त्यांचा नेम असा, की जे पडणार आहे त्याचंच चित्र काढायचं. निवृत्तीनंतर तर दुसरं काही केलंच नाही. कुठे जुनी धर्मशाळा मोडायची ठरली, कुठे दगडी पूल, कुठे रस्त्यासाठी कडुनिंबांची रांग, की लुना निघालीच. साक्री, पिंपळनेर, तिकडे जळगावपासून फैजपूरपर्यंत. लांबच्या गावी एसटीने जात. चित्र झालं की माझ्याकडे. आणि प्रत्येक चित्राच्या खाली, कागदाच्या कडेला, पेन्सिलने, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात एक ओळ: 'धर्मशाळा. सकाळ. ओट्यावर दोन भाजीवाल्या.' एवढंच.

पण ते तेवढ्यावर राहायचं नाही. चारसहा महिन्यांनी बाई तीच फ्रेम घेऊन परत यायच्या.

"काढ बाहेर."

मी मागची टेप फाडायचो, खिळे उपसायचो, हार्डबोर्ड काढायचो. बाई काउंटरवर उभ्या राहून त्या ओळीच्या पुढे लिहायच्या: 'ही अमुक यांनी पाडली. आता इथे मोबाइलची दुकानं.' अमुकच्या जागी पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. मग म्हणायच्या, "लाव परत."

त्या ओळींमधली नावं मी इथे लिहीत नाही. कागदावर लिहायला मी अजून घाबरतो. बाई घाबरत नव्हत्या.

एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, एकदाच काय ते लिहून आणा ना. मला किती वेळा खिळे काढायला लावता?"

"तेव्हा पाडली नव्हती ना, गाढवा."

"पण नाव लिहून होणार काय?"

"तीस वर्षं मुलींना सांगितलं, चित्राखाली आपलं नाव घाला. आपण केलंय, लाजायचं कशाला? मग यांनीही केलंयच की काहीतरी. यांनी का लाजावं?"

नाव खात्रीचं असल्याशिवाय मात्र लिहायच्या नाहीत. त्यासाठी ऑफिसांच्या बाकांवर तासन्‌तास बसायच्या, चहाच्या टपरीवर विचारायच्या. जेसीबीवाल्याचं नाव त्यांनी एकदाही लिहिलं नाही. "तो पगारी माणूस. त्याने माझ्यासाठी मशीन बंद केली, चहा पाजला."

फैजपूरच्या पुढे एका गावात जुनी जिनिंग होती. कापसातली सरकी काढायचा कारखाना, उंच विटांची चिमणी. मालक वारले आणि मुलाने जिनिंग पाडून बंगला बांधला. बाईंनी आधीच चित्र काढलं होतं. त्या मुलाच्या कानावर गेलं आणि तो गाडी घेऊन थेट माझ्या दुकानात आला. चित्र बघून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खरंच आलं. म्हणाला, हे मला बंगल्याच्या हॉलमध्ये लावायचंय, फक्त ती खालची ओळ तेवढी बदलून द्या. योगायोगाने बाई तिथेच होत्या.

"काय लिहू मग?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. मला तेव्हाच कळलं की आता काही खरं नाही.

"लिहा ना, 'वडिलांच्या आठवणीत' असं काहीतरी."

बाईंनी चित्र बाहेर काढायला लावलं, जुनी ओळ खोडली आणि लिहिलं: 'वडिलांच्या आठवणीत मुलाने पाडली.' खाली त्याचं नाव. आणि चित्र त्याच्यापुढे धरलं. तो सरळ गाडीत जाऊन बसला. चित्र अर्थातच नेलं नाही.

आता फडाचं सांगतो. खरं तर मला तेच सांगायचं आहे.

साक्रीच्या वाटेवर पांझरेकाठी एक गाव आहे. तिथे नदीवर जुना दगडी बंधारा होता, इतका जुना की कोणी बांधला ते गावात कोणाला सांगता यायचं नाही. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि गावाची सगळी जमीन भिजवायचा. जमिनीचे तीन मोठे तुकडे, त्यांना फड म्हणत. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू, असं दर वर्षी आलटून पालटून. कोणाला किती पाणी, कधी पाणी, हे गाव ठरवायचं, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी असायचा. सरकारी नाही, गावाचा माणूस.

बाई तिथे पहिल्यांदा गेल्या त्या बंधाऱ्याचं चित्र काढायला. नंतर वर्षानुवर्षं जात राहिल्या. त्यांच्या बेचाळीस चित्रांपैकी अकरा त्या एका गावाची आहेत. शेवटच्या पाटकऱ्याला सगळे आबा म्हणायचे. सत्तरी ओलांडलेला, काटक, खांद्यावर फावडं. पाटात उभ्या असलेल्या आबांचं चित्र बाईंनी काढलं, त्याची फ्रेम आबांना दाखवायला मीही एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. आबांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"हाऊ मी शे का?"

"तुम्हीच, आबा."

"मना पाय इतला काया शेतस का?"

"पाय काळे नाहीत, चिखल आहे तो."

आबांनी परत बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. "हा. चिखल बराबर शे."

बाईंना मिळालेली ती एकमेव दाद असावी जी त्यांनी मनापासून घेतली. परत येताना वाटेत दोनदा म्हणाल्या, "चिखल बरोबर आहे म्हणाले."

मग भाऊसाहेब आले. एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, मोठे पुढारी, सगळा जिल्हा त्यांना भाऊसाहेबच म्हणतो, तेव्हा मीही तेवढंच म्हणतो. फडातली जमीन त्यांनी आज याची, उद्या त्याची, अशी घेतली. एकेकट्याची जमीन विकत घेता येते, पण पाट एकट्याचा नव्हता. पाटाच्या तोंडाशी त्यांची जमीन आली आणि त्यांनी तो मातीने बुजवला. खालच्यांचं पाणी तुटलं, मग खालच्यांनीही विकलं. प्लॉट पडले, खांब रोवले गेले, 'नदीकाठी निसर्गरम्य' असा बोर्ड लागला. बंधारा नुसता उभा होता. एका उन्हाळ्यात त्याचे मधले दगड काढून ट्रकने नेले. भाऊसाहेबांच्या कॉलेजची नवी कमान त्या दगडांची आहे. मी पाहिली आहे. सुंदर आहे. शिव्या देत देत मान्य करावं लागतं, की दगड इतके जुने आणि इतके नीट घडवलेले आहेत की कमान सुंदरच होणार.

दगड निघत होते तेव्हा बाई तिथे स्टूल टाकून बसल्या होत्या. आबा त्यांच्या शेजारी उभे. बाईंनी मला नंतर सांगितलं, आबा सबंध दिवस एकच वाक्य बोलले: "बठ्ठा फड गया, बाई." सगळा फड गेला. त्या चित्राच्या खाली बाईंनी लिहिलं: 'बंधारा. दुपार. याचे दगड यांनी आपल्या कॉलेजच्या कमानीला नेले.' आणि भाऊसाहेबांचं पूर्ण नाव.

दोन वर्षांनी भाऊसाहेबांच्या कॉलेजने बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. 'आपला वारसा' असं नाव. मला वाटलं, बाई बोलावायला आलेल्यांना झोडपून काढतील. तर त्या हो म्हणाल्या.

"बाई, त्याच्या कॉलेजात?"

"त्याच्याच. त्याच्याच भिंतीवर, त्याच्याच नावासकट लावायची आहेत मला. एकच अट घातलीय. आहेत तशी लावायची. कबूल केलंय त्यांनी."

इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गावातल्या सगळ्यांना आणायला त्यांनी गाडी सांगून ठेवली.

आठवड्याने कॉलेजचे एक प्राध्यापक माझ्याकडे आले. बेचाळीसही चित्रं गाडीत घालून. म्हणाले, जुन्या फ्रेमी एकसारख्या नाहीत, सगळ्या नव्या करा. माउंटही नवे. "आणि खालची बाजू जरा जास्त घ्या. दोन बोटं. दिसायला बरं दिसतं."

आता, माउंटची खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात, ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. पण ती बाहेरच्या बाजूने वाढवतात, चित्रावर चढवत नाहीत. प्राध्यापक बोटाने दाखवत होते ते आत. ओळीवर.

मी म्हटलं, "खालचं लिहिलेलं झाकलं जाईल."

"बाईंशी बोलणं झालंय."

नव्हतं झालेलं. मला पक्कं माहीत होतं. बाईंचा फोन नंबर मला पाठ होता आणि फोन माझ्या हाताशी होता. पण त्या कॉलेजचं सगळं काम माझ्याकडे होतं, पदव्यांचे नमुने, आजी-माजी अध्यक्षांचे फोटो, वर्षभर. आणि भाऊसाहेबांशी वाकडं घेऊन या शहरात, माझ्यासारख्या नावाच्या माणसाने दुकान चालवायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. हे कारण खोटं नाही. पण खोटं नसलेलं प्रत्येक कारण पुरेसं असतं असंही नाही.

मी बेचाळीस माउंट कापले. चित्र नेमकं बसावं म्हणून प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलने आडवी रेघ मारली, इथपर्यंत माउंट येईल अशी. काम अतिशय सफाईदार झालं. बाईंनीच शिकवलं होतं.

उद्घाटनाला मी हत्यारांची पिशवी घेऊन उभा होतो, एखादी फ्रेम सरकली तर नीट करायला. भाऊसाहेबांनी फीत कापली. बंधाऱ्याच्या चित्रापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. मग माइकवर बोलले: "बाईंनी हे सगळं जतन केलं नसतं तर पुढच्या पिढीला कळलं नसतं, आपण काय गमावलंय. हा वारसा जपणं ही आपली सर्वांची जबाबदारी आहे." टाळ्या. आबा पहिल्या रांगेत बसवलेले, डोक्याला नवी टोपी.

बाई भाषण ऐकत नव्हत्या. त्या पहिल्या चित्रासमोर उभ्या होत्या. मग दुसऱ्या. मग तिसऱ्याच्या काचेवर त्यांनी खालच्या बाजूला बोट ठेवलं आणि कडेकडेने फिरवलं. मग वळून थेट माझ्याकडे बघितलं.

मी त्यांच्याकडून 'गाढवा' ऐकायला तयार होतो. त्याहून वाईट ऐकायलाही तयार होतो. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सगळी?"

"सगळी, बाई."

त्यांनी मान हलवली, जणू मी वेळ सांगितली होती. आणि पुढे चालत जाऊन भाऊसाहेबांच्या हातातून माइक घेतला. भाऊसाहेबांना वाटलं, आभार मानायला. त्यांनी हसून दिला.

"चित्र पहिलं," बाई म्हणाल्या. "धर्मशाळा. सकाळ. ओट्यावर दोन भाजीवाल्या." आणि पुढे ती कोणी पाडली त्याचं नाव. ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसले होते. "चित्र दुसरं."

चौथ्या चित्राला माइक बंद पडला. म्हणजे केला. बाईंनी तो खुर्चीवर ठेवला आणि तशाच बोलत राहिल्या. साठ मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो, त्याला माइक कशाला लागतोय! चित्रापासून चित्रापर्यंत चालत, एकही कागद हातात न घेता, त्या ओळी म्हणत गेल्या. कोणीतरी स्पीकरवर स्वागतगीत मोठ्याने लावलं. बाईंनी आवाज आणखी चढवला. प्राध्यापक मध्ये येऊन "बाई, प्लीज, पाहुणे आहेत" म्हणाले, त्यांना त्यांनी बाजूला सारलं, दारातली खुर्ची सारावी तसं.

बंधाऱ्याच्या चित्रापाशी त्या आल्या तेव्हा भाऊसाहेब दाराकडे निघाले होते. बाईंनी ते थांबतील एवढा वेळ वाट पाहिली. मग ती ओळ म्हटली. पूर्ण नावासकट.

"खोटं आहे हे," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "वय झालंय बाईंचं."

तेवढ्यात आबा उठले. टोपी काढून हातात घेतली. "खोटं नही शे. मी व्हतू ना तठे. मना डोयासमोर दगड काढात तुम्ही."

भाऊसाहेब गेले, त्यांच्यामागे अर्धा हॉल गेला. बाईंनी उरलेली चित्रंही सोडली नाहीत. शेवटी हॉलमध्ये त्या, फडाच्या गावचे दहाबारा लोक आणि पिशवी धरून उभा असलेला मी. मी त्या सबंध वेळात एक पाऊलही टाकलं नाही. पिशवीत कटर होता, पक्कड होती. बेचाळीसपैकी एक तरी फ्रेम मी उघडू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत भाऊसाहेबांचा बंधाऱ्याच्या चित्रासोबतचा फोटो आला. बाईंनी काय म्हटलं, ते कुठेही आलं नाही.

चित्रं कॉलेजने परत दिली नाहीत. आज साहेब बाहेरगावी, उद्या हॉलची किल्ली नाही. चार महिने बाई लुना घेऊन जात राहिल्या आणि त्या कमानीखालून परत येत राहिल्या. माझ्या दुकानासमोरून जायच्या, पण थांबायच्या नाहीत. एके दिवशी दुपारी टेम्पोवाला आला आणि माझ्या ओट्यावर दोरीने बांधलेला गठ्ठा टाकून गेला. फ्रेमी नाहीत, काचा नाहीत, नुसती चित्रं.

मी दोरी सोडली. पहिलं चित्र उचललं आणि मला ते हातात जरा आखूड लागलं. दुसरं आखूड. तिसरं. प्रत्येक चित्राची खालची पट्टी कापलेली होती. दोन बोटं. एका रेषेत, कुठेही न फाटता, माझ्या पेन्सिलच्या रेघेवरून. सुरी कोणी चालवली, मला आजही माहीत नाही. कोणी चालवायला लावली, ते सगळ्यांना माहीत आहे. कुठे चालवायची, ते मी आखून दिलं होतं.

मी बाईंना फोन केला.

त्या आल्या, बसल्या आणि बेचाळीसही चित्रं एकेक करून बघितली. मग एक चित्र उलटं केलं. कापलेल्या कडेला पेन्सिलचा काळसर कण राहिला होता.

"ही रेघ कोणाची?"

"माझी."

मला वाटलं, आता त्या उठतील आणि मी त्यांना पुन्हा कधी बघणार नाही. माझी तीच लायकी होती. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही, आणि त्याचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

"पाणी आण," त्या म्हणाल्या. "आणि टेबल मोकळं कर."

शर्टाच्या बाह्या मागे सारून त्यांनी काळा रंग घोटला, बारीक ब्रश घेतला आणि धर्मशाळेचं चित्र पुढे ओढलं. आणि आकाशात लिहायला लागल्या. चांगल्या बोटभर उंचीच्या अक्षरांत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. धर्मशाळा. सकाळ. कोणी पाडली. त्या आकाशासाठी त्यांनी एके काळी तीनदा कागद बदलला होता, मला माहीत होतं. माझा हात आपोआप पुढे गेला.

"बाई, चित्र खराब होतंय!"

"होऊ दे. आता झाकून दाखव म्हणावं. अख्खं चित्रच झाकावं लागेल."

तीन दिवस त्या माझ्या कापायच्या टेबलावर बसून लिहीत होत्या. जिथे आकाश पुरलं नाही तिथे भिंतीवर, नदीवर, शेतावर. पोळी-भाजीचा डबा आणायच्या, अर्धा मला द्यायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. गिऱ्हाइकं यायची, वाकून वाचायची, कोणी नाव ओळखून हसायचं, कोणी गुपचूप बाहेर पडायचं. कॉलेजचं काम तोवर गेलंच होतं. एक सांगतो, दुकान बंद पडलं नाही. ज्या भीतीने मी ते केलं, ती भीती निम्मीसुद्धा खरी निघाली नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

भाऊसाहेबांचं काही वाकडं झालं नाही, हेही सांगून टाकतो. कमान उभी आहे. शोकसभेला सगळ्यात मोठा हार त्यांचाच होता.

तिसऱ्या दिवशी शेवटचं चित्र उरलं, बंधाऱ्याचं. त्यातलं आकाश मोठं होतं, उन्हाळ्याचं, पांढरट. बाईंनी दगडांची ओळ लिहिली, नावासकट. त्याखाली लिहिलं, 'या चित्राची खालची पट्टी यांच्या माणसांनी कापली.' मग ब्रश धुतला, पुन्हा रंगात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"पुढचं तू लिही."

मी ब्रश घेतला. बराच वेळ विचार करून लिहिलं: 'त्याआधी ती माउंटखाली झाकली गेली.'

बाईंनी चष्मा लावून वाचलं.

"'झाकली गेली' म्हणजे? वाऱ्याने झाकली?"

मी ब्रश खाली ठेवायला गेलो.

"जागा आहे अजून. परत लिही."

मी ते वाक्य खोडलं आणि त्याच्या खाली लिहिलं, 'मी झाकली.' बाई पुढे वाकल्या. बोट नुसतं 'मी'वर टेकवून बसल्या, तेव्हा मी तेही खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.